गाव कंचं?

आमच्या आबांना फिरायला न्यायचं म्हणजे काय, ते मला विचारा. गुडघ्याच्या ऑपरेशनला खटावहून मुंबईला आणलं, तर नंतर महिनाभर घराबाहेर पाऊल टाकीनात. डॉक्टर म्हणत होते चाला, आणि आबा म्हणत होते, "हितं वळखीचं कुत्रं न्हाई. कुणाकडं चालत जाऊ?"

शेवटी एका शनिवारी हातात काठी देऊन त्यांना फोर्टात नेलं. मोबाइलवर जुन्या इमारतींचा नकाशा होता, आपलं आपण बघत चालायचं. पहिल्याच इमारतीपाशी मी कमानी, घुमट, दगड असं मोठ्यानं वाचायला लागलो. मागं बघतो तर आबा गेटवर, वॉचमनसमोर.

"राम राम. गाव कंचं?"

"शिराळा."

झालं! त्याची खुर्ची आबांना मिळाली, चहा आला, ऊस, पाऊसपाणी, सगळं निघालं. उठताना तोच म्हणाला, "आवं, फुडच्या बिल्डिंगीला फलटणचा हाय."

फलटणवाल्यानं पाचगणीवाल्याकडं धाडलं. आबा पुढं, मी मागं. एकाही इमारतीकडं त्यांनी मान वर करून बघितलं नाही. मी वैतागून नकाशा खिशात घातला.

सहाव्या गेटवर माझं लक्ष गेलं. आबांच्या हातात काठीच नव्हती!

"आबा, काठी कुठं विसरलात?"

"इसरतोय कशाला? त्या शिराळ्याच्या गड्याकडं ठेवून आलोय."

"आवं, पण का?"

"उद्या परत यायला कायतरी निमित्त नगं व्हय?"