लखन पाव्हण्यांना घेऊन वर गेलाय

— नाय ताई, हरिहरला रविवारी तर जाऊच नका, पायऱ्यांवर माणसाच्या डोक्याला माणसाचा पाय लागतो. सप्तशृंगीला जा. तुमचा गुडघा हा असा, तिथं गाडी गडापर्यंत जाते आन् पुढं ट्रॉली हाय. नायतर आमच्या सुरगाण्यातला हतगड — निम्म्या डोंगरापर्यंत रस्ता, वारा लय भारी. आमचा हा कणसरेचा डोंगर मात्र अवघड, तुम्ही खाली थांबलात ते बरं केलं. बसा ना, सावलीला सरका. तुमचे साहेब आन् पोरगी — इराच ना नाव? — ते बघा, उभ्या कातळाखाली, पिवळं जाकीट दिसतंय ना, ती. तिच्या पुढं पांढरा शर्ट, तो लखन. माझा मालक.

काळजी नका करू. लखनसारखा वाट दाखवणारा या बाजूला दुसरा नाय. आधी आम्ही नाशकात सातपूरला होतो, हा कंपनीत प्रेस मशीनवर, मी पत्र्याच्या खोलीत दिवसभर भाजत. मग इकडं पाव्हणे यायला लागले, मोबाईलवर डोंगर बघून बघून. हा म्हणाला, ज्योत्स्ना, आपल्या डोंगरावर लोक दुसऱ्याला विचारत फिरतात, आन् आपण इथं काय करतोय? आलो परत. त्या दिवशी काय खुश होता म्हणून सांगू! आन् हिंमत तर अशी — गेल्या दसऱ्याला ह्याच डोंगराच्या पायऱ्यांवर माकडांनी वरून दगड लोटला, खाली एक कॉलेजची पोरगी, हा मधी पडला. दगड ह्याच्या कानामागं. रक्तानं शर्ट भिजला तरी तिला खाली आणून सोडली. शाल दिली लोकांनी, नारळ दिला. — हो हो, बरा हाय आता. टाके केसात दिसत पण नाय. फक्त मधीच कधी — काय नाय. साखर पुरे का चहात?

— मधीच म्हंजे... जातो थोडा वेळ. म्हंजे असतो इथंच, उभाच असतो, डोळे उघडे, पण तो नसतो त्यात. हातातलं सुटतं. परवा पाण्याची कळशी सुटली. पायावर पाणी सांडलं तरी बघतोय समोर. मी हलवलं, तर म्हणतो, काय झालं गं, कळशी कोणी सांडली? — नाय, नाय ताई, रोज नाय! बसा ना. लय क्वचित. गोळ्या हायत ना. नाशिकच्या डॉक्टरनं दिल्यात, झोपताना एक, सकाळी एक.

आज? आज... घेतली असंल. — नाय घेतली. काय खोटं बोलू तुमच्याशी. अंथरूण झटकलं तर खाली पडली, उशीखाली ठेवली होती. म्हणतो, गोळीनं झोप येते, पाव्हण्यांपुढं पेंगू का? मी म्हटलं, देवरामला पाठव, दीर हाय माझा, तरणा हाय, त्याला वाट माहीत. तर असा बघितला माझ्याकडं, जशी मी त्याला घरातून काढतेय. तेवढ्यात तुमची गाडी आली. तुमची पोरगी उतरली, मला म्हणाली, काकू, किती छान जागा आहे! माझ्या तोंडाशी आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. आन् मी चहा ठेवला.

— हाक नका मारू! ताई, पाया पडते, हाक नका मारू. आता कातळातल्या पायऱ्यांवर हायत ते. मान वळवून खाली बघितलं तर तुमच्या पोरीचेच डोळे फिरतील. फोन लागत नाय ह्या बाजूला, मी काय कमी वेळा करून बघितला? देवरामला धाडलंय मागनं, तो बघा, झाडीतनं चढतोय. तो पोचंपर्यंत आपण फक्त बघायचं. मी रोज हेच करते. तुम्ही आज करताय.

डॉक्टर म्हणाले, उंचावर नाय, गाडीवर नाय, मशीनवर नाय, एकट्यानं विहिरीवर पण नाय. मग त्यानं करायचं काय, ते नाय सांगितलं. मी विचारलं पण नाय. बाहेर बाकड्यावर हा बसला होता ना...

थांबा. थांबलाय. पांढरा शर्ट थांबलाय. दम खात असंल. मधी खोबणी हाय, तिथं सगळेच थांबतात — पण हात का खाली सोडलाय त्यानं? लखन. ए लखन. — पिवळं जाकीट वर सरकलं. धरलं का? धरलं! तुमच्या पोरीनं धरलं त्याला, ताई, कंबरेला धरलं, कातळाला दाबून धरलंय! साहेब पण पोचले. बसवलं. बसवलं त्याला. रडू नका, बसलाय तो.

आला देवराम. उतरतायत आता...

बस इरा, बस माझी बाय, पाणी पी. काय पण बोलू नको. तो हातपाय धुवायला गेलाय मागं, तोवर मीच बोलते. त्याला कायच आठवत नाय, माहितीये? म्हणतो, पोरीला भीती वाटली, म्हणून परत फिरलो. देवरामला म्हणतो, तू कशाला आलास? ताई, माझं तो ऐकत नाय, दिराचं ऐकत नाय. तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं ऐकंल. आत्ता तो आला की तोंडावर सांगा — लखन, तू आता वर जायचं नाय. एवढंच. — आला. सांगा.

— काय रे? हो, चहा देते. हो, ऐकलं, पुढच्या महिन्यात साल्हेर. सगळ्यात उंच, हो. तू स्वतः ह्यांना नेणार, हो...

जा, दुधाचं भांडं आण आतनं.

— तुम्ही 'नक्की येऊ' का म्हणालात, ताई? तुमच्या पोरीनं आत्ता त्याला... मग तुम्ही 'नक्की येऊ' का म्हणालात?

असू द्या. जा तुम्ही. गाडीत बसा, तो यायच्या आत जा.