शार्कला साडेतीन वर्षं, घायपाताला उद्या

— तो कागद खिशात घाला, साहेब, ओला होईल, मी पाणी घालतेय. ‘निरुपयोगी झाड, उद्या तोडावे.’ वाचलं मी! सव्वीस वर्षांत फूल नाही म्हणून निरुपयोगी — असंच ना? मग चला शेजारी, संग्रहालयाच्या दालनात. तिथे बरणीत खोल समुद्रातली ती शार्क मादी आहे, मानेला झालर असलेली. तिच्या पाटीवर काय लिहिलंय? पिल्लं साडेतीन वर्षं पोटात ठेवत असावी. साडेतीन वर्षं! लोक तोंडात बोट घालतात. तिला कुणी म्हणालं, बाई, आटप लवकर? नाही म्हणालं. आणि माझ्या घायपाताने जरा वेळ घेतला की लगेच करवत? मेलेलीला काचेचं घर आणि जित्याला — जाऊ दे, तोंड उघडायला लावू नका माझं.

ती पाटी आमच्या ह्यांच्या हातची. बरणीतलं स्पिरिट बदलायचं काम त्यांचं, झाडं माझी. रोज डबा खाताना वाद — जास्त हट्टी कोण, माझी शार्क की तुझं झाड? मी म्हणायची, झाडच. शार्कला पुन्हा पिल्लं होतात तरी, हे एकदाच फुलतं आणि — माहीत नाही तुम्हाला? मरतं, साहेब. सगळा जीव फुलाच्या एका दांड्यात ओततं आणि वाळून जातं. त्यांनीच लावलं होतं हे, मला चिडवायला.

पोतं? ते होय — थंडी लागू नये म्हणून बांधलंय. उन्हाळा आहे, कळतं मला! अहो, हात लावू नका! मी सोडते. बघा. दांडाच आहे तो. बारा दिवस लपवला, आणि पोत्याखाली वाकडा झाला बिचारा, माझ्याच हाताने. का म्हणजे? तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही रांगा लावल्या असत्या, फोटो काढले असते, आणि ते चारचौघांत गेलं असतं. हे गेले तेव्हाही दवाखान्याची खोली माणसांनी भरली होती — मला मेलीला पलंगाशी उभं राहायला जागा नव्हती. दाराशी उभी होते मी, दाराशी!

आता नाही बांधणार. फुलू दे, जाऊ दे. पण त्याच्या वेळेने, तुमच्या कागदाच्या नाही. आणि तेव्हा इथे, जवळ, मी एकटी असेन. काय लिहायचंय ते लिहा वर. निघा आता. आणि दार ओढून घ्या, वारा लागतो त्याला.