थुंकीला महिना विचारत नाहीत

हॅलो? … हो नंदिता, मीच. तांबरमच्या घरात फोन दुसरं कोण उचलणार? … हो, गेले होते. एकटीच. आधी लोकल, मग मेट्रो. … अगं ऐक ना… त्या संशोधनवाल्यांनी तुला फोन केला? तुझा नंबर मीच दिला. तोंडपाठ सांगितला.

काय दिलं म्हणजे? थुंकी. … थुंकी गं, लाळ! नळीत. विसरण्याचा आजार लाळेत दिसतो का, ते तपासताहेत. … अल्झायमरच, दुसरा कुठला? … शी काय त्यात? उष्टं खरं, पण कुणाच्या पानात नाही ना थुंकले!

… हो, हो, मागच्या आठवड्यातली दवाखान्यातली आठवणीची परीक्षा आठवते मला. तूच नेलंस. त्या पोरीनं तमिळमध्ये विचारलं, कोणता महिना? मी म्हटलं, भाद्रपद. तिला हवा होता त्यांचा तमिळ महिना, आवणी. कापला मार्क! … अगं, तिचा महिना सूर्याचा, आपला चंद्राचा. तू गणपती काय आवणी बघून बसवतेस? … मग तिथे का नाही बोललीस? गप्प बसलीस, आणि घरी येऊन म्हणालीस, अम्मा, या घराला कुलूप लावू, माझ्याकडे अण्णा नगरला चल.

… म्हणूनच गेले. थुंकीला महिना विचारत नाहीत.

… सही कुणी केली म्हणजे? मी! … अंगठा नाही, सही. साठाव्या वर्षी अक्षरं शिकले ती काय नुसत्या बसच्या पाट्या वाचायला? संमतीची चार पानं होती. बोट ठेवून वाचली. तास गेला. … थांबले की सगळे!

… नाही, निकाल मिळणार नाही. तिसऱ्या पानावर लिहिलंय. अजून काही पक्कं नाही, शोधताहेत नुसतं. … मग कशाला म्हणजे? मला नाही तर पुढच्यांना.

… हो, वेळ लागला. तोंड कोरडं, नळी भरेना. मग आईच्या हातची आंबट भाजी आठवली, चिंचेची, वर मेथीची फोडणी… सुटलं पाणी! आठवण गेली असती तर सुटलं असतं?

… हो. त्याच आईची. शेवटी मलाच विचारायची, तुम्ही कुणाच्या गं? … माहीत आहे मला. मलाही होईल, नाहीतर नाही होणार. झालंच तर मीच सांगेन, लाव कुलूप. एका मार्कासाठी नाही निघणार इथून.

… शनिवारी? ये ना. पण माझ्या बॅगा भरायला नाही. त्यांना मुलींचीही लाळ हवी आहे. … हो, तुझी. तासभर आधी काही खायचं नाही. कॉफीसुद्धा नाही. … आता कामं कुठून आठवली? … नंदे? …

भीती वाटते? … मलाही वाटली, कण्णे. तरी थुंकले. …

हो की नाही, ते सांग. … हं. … सरी, ठरलं. मग नऊला निघू. ठेव आता.