अकरा फॉर्म आणि एक अक्षर

टेन्शनचं कौतुक मला नका सांगू रे! आमच्या रत्नागिरीच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात शहाऐंशीच्या सुमाराला मुंबईच्या हेडऑफिसातून छापील फॉर्म आले होते. ‘कामावर मनाला कशाचा त्रास होतो ते लिहावे. नाव घालू नये.’

आता त्रास कशाचा, हे काय विचारायचं? आमचे मॅनेजर सावंतसाहेब! माणूस गुपचूप पाठीमागे येऊन उभा राहायचा आणि घड्याळ बघायचा. हात चालेनासा व्हायचा. पण ते लिहिणार कोण?

स्टोअरमधला गणपत म्हणाला, “नाव नसलं म्हणून काय झालं? साहेब अक्षर ओळखतो. तुझं कसं छापल्यासारखं आहे. माझा फॉर्म तूच लिही.”

झालं! चढलो मी हरभऱ्याच्या झाडावर. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे मिळून अकरा फॉर्म मीच भरले, माझा धरून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर फॉर्मांचा गठ्ठा, आणि वरपासून खालपर्यंत माझंच वळणदार अक्षर. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

“मयेकर, एकट्या माणसाला अकरा माणसांचा त्रास?”

“साहेब, ते...”

“दार लावा आधी.”

गेली नोकरी, म्हणत मी दार लावलं. साहेबांनी ड्रॉवरमधून बारावा फॉर्म काढला, कोरा. माझ्यापुढे सरकवला आणि हळूच म्हणाले,

“मुंबईचे साहेब माझं अक्षर ओळखतात हो. घ्या, मी सांगतो तसं लिहा.”