वास नसलेला गॅस

मला वाटलेलं, मनालीच्या बर्फात आमच्या सोसायटीतल्या अकरा बायकांना मलाच सांभाळावं लागणार. झालं भलतंच. अरे, कॅनडात सहा हिवाळे काढून, आपल्या माणसांच्या उपयोगी पडायचं म्हणून मी डोंबिवलीला परतलेली!

पोचलो त्याच संध्याकाळी बर्फानं रस्ता बंद झाला, वीजही गेली. मी हॉटेलवाल्याकडून पेटत्या कोळशाची शेगडी आम्ही सगळ्या जमलेल्या खोलीत आणवली आणि म्हटलं, "खिडक्या घट्ट लावा."

"आधी ती शेगडी बाहेर काढ!" शेजारच्या लेले काकू ओरडल्या. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं नोकरी केलेली.

"काकू, धूर कुठे आहे? वासही नाही."

"कोळशाच्या विषारी गॅसला वास नसतोच गं. माणसं झोपेतच जातात. कॅनडात कशावर शेकायचीस?"

"हीटरचं बटण दाबायचे."

सगळ्या खो खो हसल्या. काकूंनी शेगडी बाहेर काढायला लावली, वीतभर खिडकी उघडी ठेवली, सगळ्या रजया एकत्र केल्या आणि आम्हाला एकमेकींना चिकटून झोपवलं. सकाळी सगळ्या जणी टुणटुणीत उठल्या. काकूंचा वाटला इतका अभिमान मला माझ्या डिग्रीचाही कधी वाटला नव्हता.

नाश्त्यालाच मी जाहीर केलं, "पुढच्या सहलीआधी लेले काकू आपला वर्ग घेणार, आणि पहिल्या बाकावर मी बसणार."