पोरीच्या ऑर्किडची मिजास

अन् वरून मलाच म्हणायली, "पप्पा, तुमी त्याला मातीत लावलं?" आता तुमीच सांगा, झाड मातीत न्हाई लावायचं तर काय शिऱ्यात लावायचं? तीस वर्षं वालूरच्या रानात कापूस पिकवला मी, अन् काल-परवा नोकरीला लागलेली ही माझी पोरगी, सृष्टी, बंगलोरहून व्हिडिओ कॉलवर मला झाडं शिकवायली... मी इचारतो, हे झाड हाय का जावई?

झालं काय, तुम्हाला सांगतो. सुट्टीला आली होती, जाताना ती परभणीच्या घरात हे ऑर्किड ठिवून गेली. जपा म्हणली. मी कुंडीत बघतो तर लाकडाची सालटं अन् कोळसे, मातीचा कण न्हाई! मला वाटलं, नर्सरीवाल्यानं लेकराला फसवलं. मग काय, सालटं टाकली बंबात, त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं, अन् मोटारसायकलवर गोणी बांधून रानातली काळीभोर माती आणली. वरून चमचाभर युरिया, तांब्यानं रोज पाणी... एवढी खातीर मी बैलाची केली न्हाई. अन् ह्या हरामखोरानं पंधरा दिवसांत मान टाकली! पानं पिवळी, मुळं सडकी. पोरगी फोनवर रडली हो. ती रडली म्हणून मी नमलो, झाडासाठी न्हाई.

मग सुरू झाला दवाखाना. सडकी मुळं कातरीनं कापा म्हणली, अन् कातर आधी स्पिरिटनं पुसा. माझ्या जन्माला सुईणीनं एवढं केलं नसंल! कापल्या जागी दालचिनीची पूड लावा म्हणली. आमची बायको सुमनबाई डबा धरून बसली, भाजीत टाकायची म्हणलं की महाग हाय म्हणता, अन् ह्याला चोळायला निघालाव? कोळसा इस्त्रीवाल्या बजरंगकडून मागून आणला. अन् सालटं? ती कुरिअरनं आली. परभणीत सरपण कुरिअरनं मागवणारा मी पहिलाच. उन्हाळ्यात आमी नवरा-बायको सोप्यात घामानं निथळायलो, अन् कूलर कुणाकडं? ह्या झाडसाहेबाकडं. पाणी आठ दिवसांतून एकदा, ऊन नको, वारं पायजे पण जोराचं नको... हे झाड हाय का जावई? जावई तरी दोन दिवसांत जातो!

शेजारचे आबासाहेब एक दिवस खिडकीतून डोकावले, मी पानं ओल्या फडक्यानं पुसायलो होतो. कोण बिमार हाय म्हणले. झाड म्हणलं. गेले बिचारे, अन् गल्लीत सांगितलं की लिंबाजीचं डोकं फिरलं.

पण एक सांगतो, खोटं कशाला बोलू... आधी पोरीचा फोन पंधरा दिवसांनी यायचा. जेवलाव का, बरे हाव का, ठिवते. संपलं. अन् झाड बिमार पडल्यापासून रोज सकाळी साडेसातला हजर! कॅमेरा खाली घ्या म्हणायची, तुमचं तोंड नका दाखवू, मुळं दाखवा. मला राग यायचा. बाप जिताजागता झाड धरून उभा, अन् हिला मुळं बघायची! पण मुळं बघता बघता बोलायची हो. मेसमधलं जेवण, हापिसातल्या साहेबाचा तिरसटपणा, पावसात भिजलेली चप्पल... सगळं सांगायची. सुमनबाई मागं उभी राहून गुपचूप ऐकायची.

आठ महिन्यांनी त्याला दांडी फुटली. जांभळी सात फुलं! मी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, अन् कुंडीशेजारी उभा राहिलो. पोरगी लय खूश झाली. फोटो काढला... फक्त फुलांचा. अन् म्हणली, "पप्पा, जमलं तुम्हाला. आता मला काळजी न्हाई, रोज फोन करायची गरज न्हाई."

आज अकरावा दिवस हाय. साडेसातला चहा होतो, फोन वाजत न्हाई. हे मात्र फुलं मिरवत खिडकीत उभं! मी इचारतो, हे झाड हाय का जावई? पोरगीच नेली की यानं माझी.

म्हणून काल नर्सरीत गेलो. नर्सरीवाला लागला फुलांची ऑर्किडं दाखवायला. म्हणलं, ती ऱ्हाऊ दे. ते कोपऱ्यातलं दे, पिवळं पडलेलं, मुळं सडलेलं. तो म्हणला, "काका, हे जगायचं अवघड हाय."

म्हणलं, जगू दे की सावकाश. मला कसली घाई न्हाई.