मस्टरवरची नावं

दौंड स्टेशनात पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारे बसले होते. गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला तरुण त्यांच्याशेजारी येऊन टेकला.

"मामा, मी धम्मदीप. रांजणगावला आपल्या कंपनीत कॉम्प्युटरवर हाय."

"कंपनीनं धाडलं व्हय? रिटायर होऊन दोन वर्सं झाली मला."

"मीच आलो. घरी गेलो, तर तुम्ही स्टेशनात हायसा असं कळलं. प्रेस मशीनच्या बिघाडांच्या तुमच्या नोंदी..."

"हायेत की कॉम्प्युटरात. वीस वर्सांचं समदं घातलंय. एका बोटानं टाईप केलं."

"गेल्या आठवड्यात नवी सिस्टीम बसवली, मामा. कुणाकुणाचं नव्यात न्यायचं, त्याची यादी मी केली. मस्टरवरची नावं घेतली."

"मग?"

"तुमचं नाव मस्टरवर न्हाई आता. बाकीचं पुसलं. पोरं रोज तुमचंच पान उघडून मशीन दुरुस्त करायची, हे मला ठावंच नव्हतं."

"इचारायचं की त्यांना."

"साहेबांना इचारलं फक्त."

"आन् प्रेस?"

"चार दिवस बंद हाय. वही आणलीय मी. तुम्ही सांगा, मी लिहितो."

"काय सांगू, पोरा? तिथं लिहून ठेवलं, म्हणून तर इसरलो समदं."